येळवशीचा खाडा

हजेरीपुस्तकात गैरहजेरीची खूण करायला वेळ लागत नाही. नावापुढच्या चौकोनात एक तिरपी रेघ ओढली की झालं. आमच्याकडं तिला खाडा म्हणतात. लातुरात एका कापड दुकानात मी चौदा वर्षं मुनीम होतो, आणि दर वर्षी मार्गशीर्ष अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा नावांपुढं सहा खाडे मांडत होतो. आदल्या दिवशी दुकान बंद असायचं. ते मालकांनीच बंद ठेवलेलं असायचं, कारण त्या दिवशी बाजारात चिटपाखरू नसतं आणि मालक स्वतःही सहकुटुंब मळ्यात गेलेले असायचे. पोरं कामावर यायला नको म्हणाली होती असं काही नव्हतं. कुलूप आमचं होतं. तरी महिनाअखेरीला पगार काढताना प्रत्येकाचा एक रोज कापला जायचा. साडेतीनशे रुपये.

एका वर्षी त्यातल्या एकानं मला विचारलं, "मुनीमजी, दुकान तुम्ही बंद ठेवलं, मग खाडा माझा कसा?"

मी म्हणालो, "रोजंदारीचं असंच असतं बाबा." तो पुढं काही बोलला नाही, ठाण उचलून मांडायला गेला. त्याला दिलेलं ते उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. हा लेख त्या उत्तराच्या दुरुस्तीसाठी लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की लातूर, धाराशिव आणि आसपासच्या ज्या पट्ट्यात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, पाळली जाते, तिथं दुकानात, गोदामात, गिरणीत, हॉटेलात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला तो दिवस पगारी सुट्टीचा मिळाला पाहिजे. ती सुट्टी मालकाच्या मनात आलं तर मिळणारी नको. वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेली आणि लिहून लावलेली हवी.

ज्यांनी येळवस पाहिलेली नाही त्यांना वाटेल, एका अमावस्येचं एवढं काय. म्हणून ती थोडी सांगतो. रब्बीची ज्वारी तेव्हा कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, त्यावर शाल पांघरतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात. ते पांडव. घरातल्या बाया रात्री दोन-अडीचलाच उठलेल्या असतात. ज्वारीचं पीठ आणि ताक यांची आंबील, तिला लसणाचा ठसका. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, धपाटे. आणि भज्जी. या भज्जीला तळणाच्या भजीशी काही देणंघेणं नाही. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाल, वाटाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, बोरं, शेतात त्या आठवड्यात जे जे असेल ते सगळं चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवलेलं. रानात त्या दिवशी जे उभं असतं ते सगळं त्या एका पातेल्यात उतरतं. दुसऱ्या कुठल्या महिन्यात हाच पदार्थ करून बघा, ती चव लागत नाही.

पाटी डोक्यावर, आंबिलाची बिंदगी काखेत, पुढं लेकरं, मागं म्हातारी, अशी सगळी वरात बांधावरून जाते. पूजा झाली की "ओलगे, ओलगे" म्हणत पिकात आंबील शिंपडायची. मग पंगत. झाडाला झोका बांधलेला असतो. पोरं पतंग उडवतात. म्हातारी माणसं कोपाजवळ आडवी होतात. दिवस मावळताना पेंढीचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवतात, आणि तो फिरवायला घरातला जवान गडी लागतो.

त्या दिवशी लातूरला येऊन बघा. सोळा रस्ते जिथं एकत्र येतात ती गंजगोलाई, एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं दुपारी बाराला रस्त्याच्या मधोमध कुत्री निवांत झोपलेली असतात. 30 डिसेंबर 2024 ला येळवस सोमवारी आली होती. आठवड्याचा पहिला दिवस, पण शहराला त्याचा पत्ता नव्हता. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली माणसं दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, येळवशीला मात्र रात्रीच्या गाडीनं येतात.

ही गोष्ट सरकारलाही कळते. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात, आणि आमच्याकडं त्यात वेळ अमावस्या असते. त्या दिवशी शाळा बंद, तहसील बंद, जिल्हा परिषद बंद. म्हणजे गुरुजींना सुट्टी, तलाठ्याला सुट्टी, साहेबांना सुट्टी, आणि सगळ्यांचा पगार जिथल्या तिथं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांना मिळते ती योग्यच आहे. पण त्याच गल्लीत राहणाऱ्या, त्याच शेजारच्या शेतात जेवायला जाणाऱ्या दुकानातल्या पोराचा मात्र त्या दिवशी खाडा पडतो. एका गावाचा सण एकाच दिवशी एकाला सुट्टी ठरतो आणि दुसऱ्याला गैरहजेरी, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, त्यानं हक्काची रजा टाकावी. आधी रजा मिळते कुठं, हा प्रश्न बाजूला ठेवू. मिळाली असं धरू. तरी एकट्यानं घेतलेली रजा आणि सगळ्यांना एकाच दिवशी असलेली सुट्टी यांत फार फरक आहे. आमच्या दुकानातल्या एका कामगाराचं घर मी जवळून पाहिलं आहे. लेकरांना सुट्टी रविवारी. बाजारपेठ बंद असायची ती दुसऱ्याच वारी, म्हणून बापाची सुट्टी त्या वारी. बायको घरकामाला जायची, तिला तर वारच नव्हता. आई गावाकडं. ही सगळी माणसं एका दिवशी, एका ठिकाणी, दिवसा उजेडी एकत्र बसलेली कधी दिसणार? दिवाळीत तर कापड दुकानात रात्री अकरापर्यंत गिऱ्हाईक असतं. लग्नसराईत तेच. त्याच्या धाकट्या मुलीचं बारसं झालं तेव्हा तो दुकानात बस्त्याच्या साड्या उलगडून दाखवत होता. वर्षातला एकच दिवस असा होता, जेव्हा शाळा बंद, दुकान बंद, आणि सगळं घर आजीच्या शेतावर. त्या दिवसाचे पैसे आम्ही कापत होतो. दोन वर्षं तो गेला. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "मी दुकानाच्या गोदामात माल लावतो, तेवढाच रोज पडंल." बायको-लेकरं गेली, तो राहिला.

कुटुंबानं एकत्र कुठं जावं, काय खावं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण एकत्र जाता येईल असा दिवस असणं हा घरचा प्रश्न नाही, तो बाजार आणि सरकार मिळून ठरवतात. आजवर नेहमी असंच झालं आहे. निजामाच्या राज्यात आमच्याकडं कचेऱ्यांना शुक्रवारी सुट्टी असायची. संस्थान विलीन झालं, आणि रविवार आला. तिकडं मुंबईत गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडून 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. लोखंडे रविवार मागत होते तो इंग्रजांचा चर्चचा वार म्हणून नव्हे. रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या माणसाचा वार, असं त्यांचं म्हणणं होतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सुट्टी मागताना त्यांनी कामगाराच्या घरात आधीपासून जो दिवस होता तोच मागितला. लातूरच्या कामगारासाठी येळवस मागताना मी त्याहून वेगळं काही मागत नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे. त्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवायच्या. शिवाय वर्षाला आठ किरकोळ रजा. म्हणजे येळवशीची पगारी सुट्टी द्यायला नवा कायदा करायची गरजच नाही. त्या चारांत एक नाव लिहायचं, एवढंच काम आहे. मी चौदा वर्षं दप्तर सांभाळलं, पण या चार सुट्ट्या ठरवायला मालक आणि कामगार एकत्र बसलेत, असं आमच्या पेठेत मी एकदाही पाहिलं नाही. कामगारांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

यात मोठी अडचण ही की हा कायदा मुळातच दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांसाठी केलेला होता. आमच्या दुकानात सहा. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात चार. समोरच्या मिठाईवाल्याकडं आठ. पेठेतली किती दुकानं या रेषेच्या खाली राहतात ते पेठेतून चालत गेलं तरी दिसतं. आणि ही रेषा खाली येण्याऐवजी वर निघाली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या कायद्यात बदल मंजूर केले, त्यात दहाच्या जागी वीस माणसांची अट आहे आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा. कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास. गुंतवणूक यावी, कामगाराला जादा कामाचा दुप्पट मोबदला मिळावा, असं त्याचं समर्थन केलं गेलं. जिथं हजेरी नीट लिहिली जाते तिथं मिळेलही. पण वीसच्या आतल्या दुकानात दुप्पट मोबदला कोण मोजणार आणि कुणाकडं मागणार? मी स्वतः हजेरी लिहिलेली आहे. दुकान उघडल्याची वेळ लिहायला त्यात रकाना होता. पोरगं घरी किती वाजता गेलं हे लिहायला रकानाच नव्हता.

तास वाढले की काय होतं ते माझ्या घरात झालेलं आहे. माझा चुलत भाऊ एका डाळमिलमध्ये होता. लातूरच्या डाळीचं नाव देशभर आहे, ती डाळ भरडणारी माणसं बारा-बारा तास उभी असतात. त्या वर्षी येळवशीला मिल चालू होती, ऑर्डर निघायची होती. निम्मी माणसं खाडा पाडून गावी गेली, राहिलेल्यांवर दुप्पट काम पडलं. भाऊ राहिला, कारण त्याला त्या महिन्यात खाडा परवडणार नव्हता. सकाळी सातला उभा राहिलेला माणूस, संध्याकाळी सहाच्या सुमारास पट्ट्यात अडकलेली सुतळी काढायला गेला. पट्ट्यावरची जाळी दुरुस्तीसाठी काढलेली होती, परत बसवली नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आम्ही सगळे तेव्हा शेतात होतो. हेंडगा पेटवायचा होता, काका म्हणत होते, थांबा, तो सुटला की येतो म्हणालाय. फोन आला तेव्हा पेंढी हातातच होती.

मिलमालकांनी पहिल्या दिवसाचा दवाखाना केला. पुढचं आमचं आम्ही बघितलं. पटावर नऊ नावं होती, बाकीची सगळी ठेकेदाराची. भाऊ ठेकेदाराचा, आणि ठेकेदार म्हणाला की माणूस मिलचा. मी मुनीम म्हणून त्याचा हजेरीचा कागद मागून घेतला. येळवशीच्या दिवशी पूर्ण हजेरी, आणि त्यानंतर सलग चाळीस खाडे.

सुट्टी असती तर अपघात झालाच नसता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जाळी बसवलेली असती तरी झाला नसता. पण थकलेला माणूस, अपुरी माणसं आणि घाई, हे तिन्ही त्या दिवशी एकत्र आले, आणि ते एकत्र आले याचं कारण त्या दिवसाला कुणी सुट्टी मानलं नव्हतं. निम्म्या माणसांवर गिरणी चालवण्यापेक्षा ती बंद ठेवणं सगळ्यांच्याच हिताचं होतं.

मालक लोकांचं म्हणणं मी चौदा वर्षं ऐकलं आहे, आणि ते सगळं खोटं नसतं. धंद्यात मंदी असते, ऑनलाइन खरेदीनं कापड दुकानदार बेजार आहेत, उधारी वसूल होत नाही. पण हिशोब मांडू. सहा माणसं, साडेतीनशे रोज, झाले एकवीसशे रुपये. वर्षातून एकदा. आमच्या दुकानात दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला झेंडूच्या माळा आणि पेढे यांवर त्याहून जास्त खर्च होत असे. दुसरं, दुकान त्या दिवशी तसंही बंद असतं. धंद्याचं जे नुकसान व्हायचं ते पगार कापला तरी भरून निघत नाही. म्हणजे गिऱ्हाईक शेतात गेलं म्हणून झालेला तोटा आपण सगळ्यात कमी कमावणाऱ्याच्या खिशातून काढतो. यात धंद्याचं शहाणपण कुठलं आहे?

आणि सुट्टी म्हणजे काय हे आमच्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. श्रावणातल्या अमावस्येला पोळा असतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद लावतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, कितीही काम अडलेलं असो. आणि त्या दिवशी त्याचा चारा कुणी कापत नाही. उलट पुरणपोळी खायला घालतात. आज काम केलं नाहीस म्हणून आज वैरण नाही, असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला गाव नावं ठेवेल. पगारी सुट्टी यालाच म्हणतात. जी माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या बैलासाठी करत आली, त्यांचीच पुढची पिढी पेठेत दुकानं थाटून बसली आहे. त्यांना माझी ही मागणी परकी वाटू नये.

येळवशीबद्दल प्रेमानं लिहिताना दोन गोष्टी झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. पहिली बायांची. रात्री दोनला उठून तीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आणि अंधार पडल्यावर खरकटी भांडी घेऊन घरी येणाऱ्या बाईला ही सुट्टी नाहीच. पुरुषाला पगारी सुट्टी मिळाली तर निदान आदल्या रात्री पीठ मळायला, माठ भरायला, पाट्या वाहायला तो हाताशी असेल. आमच्या घरी गेली पाच-सहा वर्षं उंडे पुरुष वळतात. पहिल्या वर्षी ते फुटले, आता फुटत नाहीत.

दुसरी गोष्ट ज्यांना शेतच नाही त्यांची. येळवशीला शेजाऱ्या-पाजाऱ्याला, मित्राला, अनोळखी वाटसरूलाही जेवायला बोलवायची रीत आहे, आणि ती आजही पाळली जाते. पण कुणाला आग्रहानं पंगतीत बसवायचं आणि कुणाच्या हातात दुरून वाढून द्यायचं हा भेद गावोगाव होता, काही ठिकाणी अजून आहे. सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत त्या शेतात राबतो, कोप तोच उभारतो, आणि पंगतीत तो शेवटचा असतो. हे मी माझ्या आजोळी पाहिलेलं आहे. आणि बीडपासून धाराशिवपर्यंतची जी जोडपी कोयता घेऊन दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, त्यांची येळवस कारखान्याच्या तळावर पालातच होते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, आणि खाडा पडला तर तो दोघांचा मिळून पडतो. त्यांच्यापर्यंत माझी ही मागणी पोचत नाही, हे मला मान्य आहे. त्यांचा प्रश्न उचलीपासून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशापासून सुरू होतो, तो याहून फार मोठा आहे. पण म्हणून पेठेतल्या कामगारानं थांबावं, असं होत नाही.

काय करता येईल ते सांगतो. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टीचं पत्रक काढतात, तेव्हाच कामगार कार्यालयानं व्यापारी संघटनांना पत्र द्यावं की चार आपसातल्या सुट्ट्यांत वेळ अमावस्या धरा. माणसांच्या अटीत न बसणाऱ्या लहान दुकानांना कायदा लागू नसला तरी संघटनेचा ठराव लागू होतो. पेठ कोणत्या वारी बंद ठेवायची हे संघटना ठरवतात आणि सगळे पाळतात, मग त्याच ठरावात "त्या दिवसाचा रोज कापू नये" ही एक ओळ का बसू नये? दवाखाने, एसटी, पोलीस, पाणीपुरवठा, वीज यांना त्या दिवशी कामावर यावंच लागतं. त्यांना पुढच्या पंधरवड्यात बदली सुट्टी द्यावी. गिरण्यांनी ऑर्डरची तारीख घेताना येळवस बघून घ्यावी, जशी दिवाळी बघतात. ठेकेदाराच्या माणसाची हजेरी कुणाच्या पुस्तकात लिहायची हे आधी ठरवावं, म्हणजे बोटं गेल्यावर वाद घालावा लागणार नाही.

मी आता त्या दुकानात नाही. घरी बसून चार-पाच दुकानांचे हिशोब लिहितो. त्यातल्या प्रत्येक मालकाशी या विषयावर बोललो. दोघांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला. एक म्हणाला, शेजारचा देईल तर मी देईन, आणि शेजारच्याचाही हिशोब माझ्याकडंच असल्यानं मी त्यालाही तेच विचारलं. त्यानंही तेच उत्तर दिलं. आता दोघांना एकाच दिवशी एकत्र चहाला बोलावलं आहे.

वर्ष संपायला आलं की ही सगळी दुकानं आपल्या नावाची कॅलेंडरं छापून गिऱ्हाइकांना वाटतात. वर दुकानाचं नाव, फोन नंबर, खाली तारखा. त्यात मार्गशीर्ष अमावस्येच्या चौकोनात बारीक अक्षरात 'वेळ अमावस्या' छापलेलं असतं. या वर्षीच्या छपाईची प्रुफं तपासायला माझ्याकडं येतील तेव्हा तो चौकोन लाल करायला सांगणार आहे, आणि गल्ल्यामागं कामगारांच्या डोळ्यांसमोर जे कॅलेंडर टांगलेलं असतं त्यावर शाईनं शेजारी लिहिणार आहे: दुकान बंद, रोज चालू.